चेहऱ्याचं ताट

प्रिय दादा,

माणसाला किळस नेमकी कशाची येते, सांगशील? मला सांगता येत नाही. अन्नशास्त्राची पदवी घेतली, अन्न कशाने नासतं यावर उत्तरपत्रिकांची पानंच्या पानं भरली, पण किळस कशाची येते हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तो प्रश्न सोडूनच दिला असता. मागच्या आठवड्यात मी मिठात कुजवलेल्या मासळीचं पाणी चमच्यावर घेऊन चाखलं आणि वर मिटक्या मारल्या. आणि ज्या ताटाला कसलाच वास नव्हता, ज्यातली वांगी नुकती पॉलिश केल्यासारखी चमकत होती, ते ताट आठवलं की अजूनही माझ्या तोंडाला पाणी सुटतं. ओकारीच्या आधी सुटतं ना, तसलं. तू म्हणशील, झाली मास्तरीण सुरू. होय, झाली. फोनवर तू मला मधेच हसवतोस आणि विषय बदलतोस, म्हणून या वेळी लिहिते आहे.

आधी घरची खबर. बाबांचा ताप पूर्ण गेला. अंगात अजून ताकद नाही, शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल हलते. आत्या त्यांच्यासाठी म्हणून आली आणि आता आपल्या घरात दोनच आवाज उरलेत, एक कुकरचा आणि एक तिचा. बाबा फक्त उकडलेलं खातात. बटाटा, भात, मीठ. समोरच्या काकू मध्यंतरी प्रेमाने वाटीभर काहीतरी घेऊन आल्या, तर बाबांनी वाटी दोन्ही हातांनी परत केली आणि म्हणाले, “माझं पोट अडाणी आहे हो. चांगलंचुंगलं सोसत नाही त्याला.” काकू हसल्या. आत्याही हसली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तशीच उभी राहिले.

तुमची जाहिरात रोज लागते. गल्लीतली मुलं बाबांना हिरो म्हणतात. कुणी घरी आलं की बाबा स्वतः उठून टीव्हीचा आवाज वाढवतात. मग ते दिसतात, पांढऱ्या शर्टातले, आणि तू त्यांच्यापुढे ताट ठेवतोस. लांब वांगी, त्यांच्यावर खिमा, खिम्यावर केशरी कोळंब्या, अर्धं चिरलेलं अंडं, पुदिना, वाफा. बाबा घास घेतात, डोळे मिटतात आणि मान हलवतात. मग कंपनीच्या मसाल्याचं पाकीट येतं आणि खाली ओळ येते: ‘घरच्या माणसाने, घरच्या माणसासाठी.’ तेवढा वेळ बाबा टीव्हीकडे बघत असतात आणि त्यांचा डावा हात पोटावर असतो. तो हात तिथे आहे हे त्यांना ठाऊकही नसतं. मला ती ओळ ऐकवत नाही, दादा.

हाच पदार्थ मी पहिल्यांदा कुठे खाल्ला, आठवतं तुला? माझा निकाल लागला त्या दिवशी. तू तेव्हा त्या थाई बाईंच्या हाताखाली होतास, त्यांच्या छोट्या हॉटेलात. दुपारचं गिऱ्हाईक गेल्यावर तू मला मागच्या दाराने आत घेतलंस, भांड्यांच्या उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसवलंस आणि म्हणालास, “आपल्या घरातली पहिली पदवी. हिला साधं जेवण कसं चालेल?” तू फिश सॉसची, म्हणजे त्याच कुजवलेल्या मासळीच्या पाण्याची, बाटली उघडलीस आणि मी नाक धरून उठलेच. इतका घाण वास! तू मला खांदा धरून खाली बसवलंस. वांगी जाळावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजलीस, साल ओढून काढलीस, खिमा थोड्या पाण्यात हलवत शिजवलास, कोळंबी वाकडी झाली की लगेच बाहेर. लिंबू, ताडगूळ, ठेचलेल्या मिरच्या आणि तो घाणेरडा सॉस. पहिला घास मी तुझ्या धाकाने घेतला. दुसरा मागून घेतला. तू कमरेवर हात ठेवून म्हणालास, “वास आणि चव यांचं भांडण असतं बघ. तोंडात गेलं की मिटतं.” ते वांगं दिसायला अगदी भिकार होतं. करडं, लिबलिबीत, ताटात पसरलेलं. मला वाटतं, मी आयुष्यात खाल्लेलं सगळ्यात खरं अन्न ते होतं. पुढे तू या मसाल्याच्या कंपनीच्या जाहिरात स्टुडिओत लागलास, आणि तुझ्यासारखा माणूस तिथे आहे म्हणूनच मीही त्याच कंपनीत नोकरी धरली. पाकिटामागच्या कृती लिहायच्या, साध्या भाषेत, कुणाचं पोट बिघडणार नाही अशा. या पदार्थाच्या पाकिटामागे माझी ओळ आहे: ‘खिम्याचा गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत शिजवा.’ ती छापून आली तेव्हा मी ते पाकीट उशाशी घेऊन झोपले होते. हसू नकोस.

स्टुडिओतली तुझी ताटांची पद्धत मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. प्रत्येक पदार्थाची दोन ताटं. एक तोंडाचं, म्हणजे खायचं. एक चेहऱ्याचं, म्हणजे कॅमेऱ्याला दाखवायचं. चेहऱ्याच्या ताटात वांगं कच्चं, कारण भाजलं की ते बसतं आणि रंग जातो. वरून जांभळा रंग आणि तेल. खिमा कच्चा, कारण शिजला की आकसतो. त्याला वरून फक्त गॅसच्या पेटत्या नळीने भाजल्याचा रंग आणायचा. कोळंबी गरम पाण्यात नुसती बुडवून काढायची, केशरी रंग ब्रशने लावायचा आणि आतून काडी घालून उभी करायची. दवाचे थेंब ग्लिसरीनचे. वाफ ताटामागे लपवलेल्या गरम ओल्या कापसाची. त्या दिव्यांखाली ते ताट तासन्‌तास बसायचं. एकदा लाइटवाल्याने आइस्क्रीम समजून बोटभर चाटलं, आणि ते निघालं बटाटा आणि डालडा. त्याने तुला ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या स्टुडिओला पाठ आहेत. त्या दिवसापासून तू नियम केलास: चेहऱ्याच्या ताटाला लाल दोरा बांधलेली काडी. लाल दोरा दिसला की कुणी हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा नाही. नवीन माणूस आला की तू आधी त्याला तो दोरा दाखवायचास, मग त्याचं नाव विचारायचास. स्टुडिओत तुला वस्ताद म्हणत, ते त्या रंगकामासाठी. मला वाटायचं, खरी वस्तादी त्या दोऱ्यात आहे.

शूटिंगच्या दिवशी बाबांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली. सगळा जन्म लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी सरळ करण्यात गेला, पण त्या शर्टासाठी त्यांनी जेवढा वेळ घेतला तेवढा कधी कुठल्या चादरीसाठी घेतला नसेल. कॉलर अशी कडक की पापडासारखी मोडेल. वाटेत मला म्हणाले, “तो बनवणार आणि मी खाणार. एवढंच काम. असलं काम मला आधी का नाही मिळालं?” तुमचे दिग्दर्शक, एक चष्मा नाकावर आणि एक डोक्यावर असणारे, त्यांच्याकडे बघून खूश झाले. “असा चेहरा शोधून सापडत नाही,” म्हणाले. मला वर काम होतं. मी बाबांना खुर्चीत बसवलं आणि वर गेले. तू होतास ना तिथे.

मी खाली आले तेव्हा शेवटचं चाललं होतं. बाबा घास घेत होते, मान हलवत होते, सगळे टाळ्या वाजवत होते. ताटाला दोरा नव्हता, म्हणून मला वाटलं, तोंडाचंच ताट आहे. बाबांनी ताट चाटूनपुसून खाल्लं. तुला ठाऊक आहे, ताटात काही टाकलेलं त्यांना चालत नाही. ते म्हणतात, करणाऱ्याला दिसतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “वांगं जरा करकरीत आहे, पण त्या लोकांत तसंच खात असतील.” मी हसले आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला स्टुडिओच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर एक ताट झाकून ठेवलं होतं. मी झाकण उचललं. करडी, बसलेली, नीट भाजलेली वांगी. शिजलेला खिमा. तोंडाचं ताट, जसंच्या तसं, कुणी चमचाही न लावलेलं. शेजारी कट्ट्यावर लाल दोऱ्याची काडी पडली होती. मी पळत बाहेर आले. सगळे सामान आवरत होते. बाबांच्या टेबलाखाली, तोंडातला घास थुंकायला म्हणून तू ठेवलेली बादली होती. मी वाकून आत पाहिलं. ती कोरडी होती, दादा.

पुढचं तुला ठाऊक आहे. उलट्या, जुलाब, तो ताप. दवाखान्यात बाबांना सलाईन लावलं होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, काय खाल्लं होतं? तू पलंगाच्या पायथ्याशी उभा होतास. तू म्हणालास, “जरा तिखट झालं त्यांना. परदेशी पदार्थ, सवय नाही.” आणि बाबा तशा अवस्थेत, सुकलेल्या ओठांनी तुझी समजूत काढत म्हणाले, “तुझं काही चुकलं नाही रे. माझंच पोट गावंढळ.” मी वाट पाहिली की तू आता बोलशील. तू त्यांच्या पायावर थोपटलंस आणि चादर नीट केलीस. मी डॉक्टरबाईंच्या मागे बाहेर गेले आणि त्यांना सांगितलं, कोंबडीचा कच्चा खिमा, दिव्याखाली ठेवलेला, भरपूर. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. त्यांनी विचारलं, “घरात कुणी शिकलेलं नव्हतं का?”

तेव्हासुद्धा मी तुला माफ करायला निघाले होते. मला वाटलं, गडबडीत ताट बदललं असेल. दिग्दर्शकांनी तुझं खरं ताट बघून “हा काय चिखल?” म्हटलं होतं, हे लाइटवाल्याने मला सांगितलं. तू बाबांच्या कानात काय म्हणालास तेही त्याने ऐकलं होतं: “बाबा, नुसतं तोंडात धरा, चावल्यासारखं करा, कट म्हटलं की बादलीत थुंका.” मी स्वतःची समजूत घातली की तू सांगितलं होतंस, त्यांनीच ऐकलं नाही. मग संकलन करणाऱ्या मुलीने मला एक दिवस हौसेने बोलावलं, “ये, तुझ्या बाबांचं न कापलेलं सगळं दाखवते, काय गोड दिसतात!” मी बघितलं. पहिला घास. बाबा चावतात. दिग्दर्शक कट म्हणतात. बाबांचा गळा वर-खाली होतो. तू कडेला उभा आहेस, अर्धा चौकटीत, अर्धा बाहेर. तुझी नजर त्यांच्या गळ्यावर आहे. मग ती बादलीकडे जाते. मग परत बाबांकडे. तुला कळलं. तो क्षण मी त्या मुलीला पुन्हा पुन्हा लावायला सांगितला, कुठेतरी मला तू न बघितल्याचं दिसेल म्हणून. मग दिग्दर्शकांचा आवाज येतो, “वस्ताद, ताट ताजं करा.” आणि तू वाकतोस, बाबांनी उष्टावलेल्या जागेवर नवा कच्चा खिमा चमच्याने बसवतोस आणि बारीक ब्रशने त्यावर तेल लावतोस. किती नाजूकपणे लावतोस! जीभ दातांत धरून, लहानपणी पतंगाला शेपटी चिकटवायचास तशी. आणि ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवतोस. असं कितीतरी वेळा. मी त्या मुलीच्या समोरच बेसिनमध्ये ओकले. तिला वाटलं, मला दिवस गेले असतील. लग्न झालं नसताना. तिचं तरी काय चुकलं? एवढं सुंदर चित्र बघून कोण ओकतं?

त्यानंतर मी तुला जिन्यात गाठलं. तुझी बदली झाली होती, नव्या स्टुडिओचा प्रमुख म्हणून, बॅगा भरून तयार होत्या. तू म्हणालास, “अगं, मधेच बोललो असतो तर सगळ्यांसमोर बाबांचं हसं झालं असतं. शिवाय चेहऱ्यावर ते आलं नसतं.” ते म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. आता रोज टीव्हीवर बघते. ते म्हणजे बाबांचा तुझ्यावरचा विश्वास. तोच तुम्हाला चौकटीत हवा होता, आणि कच्चं आहे हे सांगितलं असतं तर तो मिळाला नसता. तू माझ्या डोक्यावर टप्पल मारलीस, “झालं ते झालं, पदवीधर. बरे आहेत ना आता?” आणि गेलास. तुझ्या हाताला साबणाचा वास होता. घरी येऊन मी डोक्यावरून पाणी घेतलं.

एवढं होऊनही मी गप्प राहिले असते का, कोण जाणे. बाबांना सांगायचं तर कुठल्या तोंडाने? त्यांचं सगळं सुख त्या जाहिरातीत. मी त्यांच्याकडून काय काय काढून घेणार होते? पण मग तुझा रविवारचा फोन आला, दुसऱ्या पाकिटाची जाहिरात करायची आहे, बाबाच हवेत, नवा स्टुडिओ आहे, माझ्यासाठी एवढं करा. या वेळी खिम्याच्या जागी नुसती कोळंबी आणि शिंपले. बाबा उभ्या उभ्या हो म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पोटाला सवय लावायला घेतली. खरंच सांगते. उकडलेल्या बटाट्याबरोबर एक हिरवी मिरची. आधी टोक, मग अर्धी, मग सगळी. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कपाळावर घाम, आणि आत्या ओरडते आहे, “अरे, या वयात कसली परीक्षा देतोयस?” बाबा हसत म्हणतात, “पोराची मान खाली जायला नको. मागच्या वेळी मी आजारी पडलो, त्याला किती वाईट वाटलं असेल.” संध्याकाळी ते पोट धरून बसायचे आणि मला विचारायचे, “मास्तरीण, पोटाला वळण लागायला किती दिवस लागतात गं? तुमच्या पुस्तकात असेल ना.” नाही, आमच्या पुस्तकात नाही.

म्हणून गेल्या शनिवारी मी तो पदार्थ घरी केला. लांब वांगी आणली, कोळंबी सोलून पाठीवरचा काळा दोरा काढला, फिश सॉसची बाटली उघडली. आत्या पदराने नाक दाबून थेट बाहेरच्या दारात गेली. “मेलं काय आहे ते? कुणी मेलंय का बाटलीत?” मी म्हटलं, मासेच मेलेत आत्या, मिठात घालून महिनोन्‌महिने कुजवलेत. “आणि ते तू माझ्या भावाच्या पोटात घालणार? एकाने घातलं ते पुरे नाही झालं?” तिला काहीच ठाऊक नव्हतं, तरी ती बरोबर तेच बोलली. मी वांगी सरळ गॅसवर ठेवली. साल तडतडली, धूर झाला, घरभर जळकट वास. बाबा स्टूल घेऊन दारात बसले, मिरची हातात तशीच. मी सोलायला घेतली तेव्हा बोटं भाजत होती, आतून ते करडं, लिबलिबीत निघालं. बाबा म्हणाले, “त्याचं असं नव्हतं. त्याचं कसं चमकत होतं! तुला जमलं नाही वाटतं.” खिमा शिजत आला होता. मी त्यांना जवळ बोलावलं, पळी वर करून दाखवली, गुलाबी काही दिसतंय का बघा. ते म्हणाले नाही. मी म्हटलं, बाबा, तुम्ही खाल्लेला गुलाबी होता. आणि मग सगळं सांगितलं, कापसाच्या वाफेपासून ब्रशपर्यंत. पळी हातात होती, कढईत खिमा खाली लागत होता, आत्या दारातून आत आली होती आणि नाकावरचा पदर खाली आला होता.

बाबा बराच वेळ त्या मिरचीचं देठ खुडत राहिले. मग म्हणाले, “थुंका म्हणाला होता तो मला.” मी म्हटलं, मग थुंकला का नाहीत? तर म्हणाले, “मला वाटलं, सारखं सारखं खाऊन माझं पोट भरेल, म्हणून काळजीने सांगतोय. मी म्हटलं, भरू दे. पोरगं एवढ्या लोकांसमोर इतका जीव ओतून बनवतंय, आणि मी त्याच्यासमोर थुंकू?” एवढं बोलून त्यांनी विचारलं, त्याला दिसत होतं का मी गिळतोय ते? मी खोटं बोलू शकले असते. मी हो म्हटलं. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि जेवले. हळूहळू, मान खाली घालून. आंबट आहे म्हणाले, बरं आहे म्हणाले, कोळंबी मागून घेतली. मिरची तिथेच राहिली. पोटाला काहीही झालं नाही, हेही तुला कळावं.

पण नंतर हात धुताना ते काय म्हणाले, ते ऐक. म्हणाले, “शूटिंगला जाईन मी. आता ठाऊक आहे ना, या वेळी थुंकेन.” आणि म्हणाले, “मला कळलंय हे त्याला कळवू नकोस. तोंड कसं दाखवेल पोर?” आत्या तिथल्या तिथे कडाडली, “न दाखवू दे तोंड! काळं झालंय ते आधी धू म्हणावं!” पण बाबांनी माझ्याकडूनच शब्द मागितला, आणि मी मान डोलावली. मग दुसऱ्या दिवशी, रविवारी, तुझा फोन आला. तू विचारलंस, पोट काय म्हणतंय? आणि आपले बाबा, ज्यांना सगळं ठाऊक आहे, हसून तुला म्हणाले, “ठणठणीत! तुझ्या हातचं पुन्हा मिळेल म्हणून वाट बघतंय.” तू मोठ्याने हसलास आणि म्हणालास, “या वेळी तिखट कमी घालतो.” फोनचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. तिखट कमी! बाबा फोन ठेवून भिंतीकडे बघत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून ते हसू तसंच होतं, वर ब्रशने लावल्यासारखं. दादा, कच्च्या खिम्याची मला आली नाही एवढी किळस त्या हसण्याची आली. तुझ्याही, त्यांच्याही. आता आपल्या घरातही दोन ताटं लागायला लागली. बाबांना चेहऱ्याचं ताट वाढायला तू शिकवलंस.

बुधवारी मी दिग्दर्शकांकडे गेले आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं की बाबा येणार नाहीत, आणि का येणार नाहीत. ते म्हणाले, कुणी मेलं तर नाही ना? लाइटवाला हातातला दिवा खाली ठेवून बाहेर निघून गेला. तुझ्या नव्या स्टुडिओपर्यंत ते पोचलंच असेल, किंवा उद्या पोचेल. ते तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. शुक्रवारी मी बाबांना सांगितलं की तुम्हाला दिलेला शब्द मी मोडते आहे. ते चिडले, माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. आज सकाळी मी त्यांना समोर बसवलं आणि इथपर्यंतचं सगळं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता. गळ्याच्या आणि ब्रशच्या जागी ते उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि म्हणाले, पुढे वाच. त्यांच्या हसण्याबद्दल लिहिलंय तिथे मला वाटलं, कागद हिसकावून घेतील. त्यांनी घेतला नाही. संपल्यावर आत्या डोळे पुसत आत गेली. मी विचारलं, बाबा, यातलं काही खोडू का? त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि म्हणाले, “सही कर.”

केली.

तुझीच,
धाकटी